'पोस्ट' एक, मुळं तीन: इंग्रजी शब्दाचं लॅटिन मूळ कसं शोधायचं

आमच्या शेजारच्या मुलीला नोकरी लागली तेव्हा ती पेढे घेऊन आली आणि एका दमात सांगून गेली, "काकू, पोस्ट ग्रॅज्युएशन झाल्यावर पोस्टात पोस्ट निघाली होती, ती मिळाली! फोटोसकट पोस्ट टाकलीय, बघा." सासूबाई तिथेच बसल्या होत्या. ती गेल्यावर त्यांनी विचारलं, "अगं, चार वेळा पोस्ट म्हणाली ती. चारही एकच का?"

एकच नव्हेत. या चार 'पोस्ट' लॅटिनमधल्या तीन निराळ्या शब्दांतून आल्या आहेत. रोमन माणसाच्या लेखी ते तीन स्वतंत्र शब्द होते. इंग्रजीत येईपर्यंत त्यांचं स्पेलिंग आणि उच्चार सारखे झाले, इतकंच. मी भाषांतराची कामं करते, त्यामुळे असे शब्द रोज समोर येतात, आणि मूळ ठाऊक नसलं तर अर्थ चुकतो, हे मी अनुभवानं शिकले आहे. शब्दाचा उगम शोधायची माझी जी रीत बसली आहे, ती 'पोस्ट' या एकाच शब्दावर इथे करून दाखवते. लॅटिन येण्याची गरज नाही. एक वही आणि एक चांगला इंग्रजी शब्दकोश पुरे.

पायरी पहिली: वापर गोळा करा आणि मराठी शब्द लावून बघा

शब्दकोश लगेच उघडू नका. आधी तो शब्द कुठे कुठे ऐकलाय ते वहीत लिहून काढा. माझ्या यादीत हे आले: लॅम्पपोस्ट, गोलपोस्ट, पोस्टमन, पोस्टकार्ड, चेकपोस्ट, पोस्टिंग, पोस्टर, पोस्टमॉर्टेम, पोस्टपेड, पोस्टपोन, फेसबुकवरची पोस्ट आणि शेतातलं कंपोस्ट.

आता प्रत्येकासमोर मराठी शब्द लिहा. लॅम्पपोस्ट म्हणजे दिव्याचा खांब. पोस्टमनच्या जागी टपाल. पोस्टमॉर्टेममध्ये 'नंतर'. नोकरीच्या पोस्टला आपण पद म्हणतो, हुद्दा म्हणतो, आणि सगळ्यात जास्त वेळा 'जागा' म्हणतो: 'झेडपीत जागा निघाल्यात'. यादीचे आपोआप चार ढीग पडतात: खांब, टपाल, जागा, नंतर. जिथे इंग्रजीला एकच शब्द पुरतो आणि मराठीला चार लागतात, तिथे मुळं वेगळी असण्याचा संशय घ्यावा. संशयच, पुरावा नव्हे. कारण एकाच मुळाला पुढे दोन अर्थ फुटू शकतात, आणि इथे तसं झालंही आहे.

पायरी दुसरी: मराठीनं त्याला कुठलं लिंग दिलंय ते बघा

ही पायरी कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही, पण मला ती फार उपयोगी पडते. परका शब्द आला की मराठी त्याला गुपचूप लिंग देऊन टाकते. आपण म्हणतो 'आमच्या गल्लीतलं पोस्ट हललं', म्हणजे ते पोस्ट. पण 'क्लार्कची पोस्ट भरली', म्हणजे ती पोस्ट. 'त्यानं काल पोस्ट टाकली', हीसुद्धा ती. टपालाच्या पोस्टाचं सामान्यरूपही होतं: पोस्टात, पोस्टाचा, पोस्टानं. नोकरीच्या पोस्टचं होत नाही. 'पोस्टात आहे' आणि 'पोस्टवर आहे' यांतला फरक पाच वर्षांच्या पोरालाही कळतो.

इंग्रजीला हा फरक दाखवायची सोय नाही, फ्रेंचला आहे. फ्रेंचमध्ये 'ला पोस्त' हा स्त्रीलिंगी शब्द म्हणजे टपाल आणि 'ल पोस्त' हा पुल्लिंगी शब्द म्हणजे ठाणं किंवा नोकरीतली जागा. मराठीनं लिंगं निराळी दिली, पण दोन पोस्ट वेगळ्या ठेवायच्या हे दोन्ही भाषांना पटलं. म्हणून इंग्रजी शब्दाचा माग काढताना फ्रेंच शब्दकोशातही डोकवावं आणि तिथे त्याच स्पेलिंगचे दोन लिंगांचे दोन शब्द आहेत का, ते बघावं.

पायरी तिसरी: शब्दकोशातले छोटे आकडे वाचा

आता इंग्रजी शब्दकोश उघडा. चांगल्या कोशात 'पोस्ट' एकदाच येत नाही. पोस्टच्या डोक्यावर १, २, ३ असे बारीक आकडे देऊन वेगवेगळ्या नोंदी केलेल्या असतात. आपण बहुतेक जण त्या आकड्यांकडे बघतच नाही. एका आकड्याखाली कितीही अर्थ असले तरी ते सगळे एका बीजाचे, आणि आकडा बदलला की शब्दाची वाट बदलली, मूळ मात्र कधी कधी एकच निघतं. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला किंवा शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती असते, ती वाचायची.

व्युत्पत्ती वाचल्या की तीन लॅटिन शब्द हाती येतात. पहिला 'पोस्तिस', म्हणजे दाराचा खांब, चौकटीचं उभं लाकूड. यातून लॅम्पपोस्ट, गोलपोस्ट, साइनपोस्ट आले. अनेक अभ्यासक या पोस्तिसमध्ये उभं राहण्याचा 'स्ता' धातू पाहतात, आणि तो आपल्या 'स्था'चा सख्खा भाऊ.

दुसरा 'पोनेरे', म्हणजे ठेवणे. टपाल आणि जागा हे दोन्ही ढीग याच्याच पोटातले.

तिसरा 'पोस्ट' हाच लॅटिन शब्द, अर्थ 'नंतर' किंवा 'मागे'. हा आणि संस्कृतातला 'पश्चात्' एकाच घराण्यातले आहेत. वर्तमानपत्रात 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले असा परिवार आहे' असं वाचतो, तिथला 'पश्चात' म्हणजे पोस्टमॉर्टेममधल्या पोस्टचा पूर्वेकडचा नातलग.

पायरी चौथी: लॅटिन क्रियापदाची चार रूपं

इथे थोडं थांबते, कारण ही किल्ली हातात आली की शेकडो शब्द उघडतात.

लॅटिन कोशात क्रियापद चार रूपांनी ओळखलं जातं. ठेवण्याचं असं: पोनो, पोनेरे, पोसुई, पोसितुम. म्हणजे मी ठेवतो, ठेवणे, मी ठेवलं, ठेवलेलं. इंग्रजीत आलेले शब्द बहुतेक दुसऱ्या किंवा चौथ्या रूपातून येतात. 'पोन' ऐकू आलं तर दुसरं रूप: कंपोनंट, अपोनंट. 'पॉझिट', 'पोझिश' ऐकू आलं तर चौथं: डिपॉझिट, पोझिशन. 'लिहिणे' घेतलं तर स्क्रिबो, स्क्रिबेरे, स्क्रिप्सी, स्क्रिप्तुम. दुसऱ्यातून सबस्क्राइब, चौथ्यातून स्क्रिप्ट. 'पाठवणे' म्हणजे मित्तो, मित्तेरे, मिसी, मिस्सुम. दुसऱ्यातून परमिट, चौथ्यातून मिशन. परमिट आणि परमिशन यांत 'ट' जाऊन 'श' का येतो, याचं उत्तर या चार रूपांत आहे. शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर स्पेलिंग पाठ करायचे किती कष्ट वाचले असते!

आता चौथं रूप नीट पाहा. ते मराठीतल्या 'ठेवलेला, ठेवलेली, ठेवलेलं' सारखं तिन्ही लिंगांत चालतं: पोसितुस, पोसिता, पोसितुम. स्त्रीलिंगी 'पोसिता' बोलण्यात आखडून इटालियनमध्ये 'पोस्ता' झाली. नपुंसकलिंगी 'पोसितुम'चं 'पोस्तो' झालं. दोन्ही फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले आणि तिथे लिंगच नसल्यामुळे एकमेकांत मिसळून गेले.

'पोस्ता' म्हणजे वाटेत ठराविक अंतरावर ठेवलेलं ठाणं, जिथे ताजा घोडा आणि ताजा स्वार तयार असे. पत्र एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जाई. १४९० मध्ये टपालाचं काम करणाऱ्या टॅक्सिस घराण्यानं पुढे सम्राट झालेल्या राजा मॅक्सिमिलियनसाठी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकपासून आजच्या बेल्जियममधल्या मेखेलेनपर्यंत असा मार्ग चालू केला. ठाण्याचं नाव आधी स्वाराला लागलं, मग थैलीला, मग थैलीतल्या पत्रांना आणि शेवटी सगळ्या खात्याला. आपल्याकडच्या 'डाकचौकी'त हेच चित्र आहे: चौकी म्हणजे ठाणं, आणि डाक तिथून पुढे जाणारी. जाता जाता सांगते, पत्त्यात आपण लिहितो तो पिनकोड म्हणजे पोस्टल इंडेक्स नंबर. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे मोठे जाणकार होते. शब्द आणि पत्ते दोन्ही नीट लावणारा माणूस, म्हणून मला त्यांचं फार अप्रूप वाटतं.

'पोस्तो' म्हणजे शिपायाला उभं राहायला नेमून दिलेली जागा. मग तिथली चौकी, मग नोकरीतलं पद. आपली 'जागा' अगदी याच वाटेनं चालली आहे: आधी भुईवरची, मग कचेरीतली. सियाचिनवरची बाना पोस्ट ही लष्करी चौकी आणि तहसीलमधली क्लार्कची पोस्ट एकाच शब्दातून निघाल्या. बदलीला 'पोस्टिंग' म्हणतात तेही इथलंच.

बँकेतलं डिपॉझिट आणि एसटीचा डेपो हीसुद्धा पोनेरेची जुळी. फ्रेंचमध्ये डेपोच्या 'ओ'वर एक छोटी टोपी असते, आणि ती टोपी म्हणजे तिथे पूर्वी 'एस' होता आणि आता गळला, याची खूण. आणि कंपोस्ट? 'कोम्पोसितुम', एकत्र ठेवलेलं. शेण, पाचोळा, माती यांचे थर एकावर एक रचणाऱ्या शेतकऱ्याला याहून नेमका शब्द कुठला मिळणार!

पायरी पाचवी: काळ जुळतोय का बघा

शब्दांबद्दल गोड गोष्टी फार फिरतात. एक अशी की टपालपेटी खांबावर लावायचे म्हणून टपालाला पोस्ट म्हणतात. ऐकायला पटते. पण तारखा लावा. टपाल या अर्थाचा पोस्ट इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आहे, आणि ब्रिटिश टपालखात्याच्या खांबासारख्या पत्रपेट्या आल्या १८५२ मध्ये, त्याही आधी चॅनल बेटांवर. मूल आईच्या आधी जन्माला येत नाही, तेव्हा गोष्ट खोटी. उलट खांबाचा पोस्ट सगळ्यात म्हातारा: १०६६ मध्ये नॉर्मन लोक इंग्लंडात उतरले त्याच्या आधीपासून तो इंग्रजीत आहे.

हीच कसोटी फेसबुकच्या पोस्टला लावा. मलाही वाटायचं की संदेश पाठवतो म्हणून टपालवाली पोस्ट. शब्दकोश मात्र ती खांबाच्या नोंदीखाली देतात. सतराव्या शतकात इंग्लंडात खांबावर जाहीर सूचना चिकटवण्याला 'पोस्ट करणे' म्हणू लागले. त्यातून पुढे भिंतीवरचं पोस्टर आलं, आणि संगणकावर सूचना लावायचे फलक निघाले तेव्हा तेच क्रियापद तिथे गेलं. तेव्हा शेजारच्या मुलीची फोटोवाली पोस्ट दाराच्या खांबाची नात आहे. विचार केला तर ते बरोबरच आहे: पत्र एकाला जातं, खांबावरचा कागद येणारा-जाणारा कुणीही वाचतो.

पायरी सहावी: 'नंतर'वाला पोस्ट ओळखायची खूण

हा ओळखायला सगळ्यात सोपा. तो कधी एकटा उभा राहत नाही, पुढच्या शब्दाला चिकटतो. 'नंतर' घालून वाक्य जमलं की काम झालं. शिवाय लॅटिनमध्ये या पोस्टच्या पुढच्या नामाला कर्माची विभक्ती लागते आणि तिचा शेवट बहुधा 'म'नं होतो: पोस्ट मॉर्टेम, मरणानंतर. पोस्ट मेरिडिएम, म्हणजे घड्याळातलं पीएम, मध्यदिनानंतर. पोस्ट स्क्रिप्तुम, म्हणजे इंग्रजी पत्राखाली लिहितात ते पीएस, लिहून झाल्यानंतरचं. त्याला आपल्याकडे 'ता. क.', ताजा कलम. पोस्ट ग्रॅज्युएट मात्र इंग्रजीनं नंतर जोडून केलेला, म्हणून त्याला तो 'म' नाही. मराठीत तो पदव्युत्तर.

पायरी सातवी: फसव्या जागा

याच ठिकाणी मी एकदा सपशेल चुकले. एका जुन्या इंग्रजी पुस्तकयादीचं भाषांतर करत होते. किमतीपुढे 'पोस्ट पेड' लिहिलं होतं. मोबाइलच्या पोस्टपेडची सवय, म्हणून मी लिहिलं, 'पैसे नंतर द्यावेत'. मजकूर छपाईला जायच्या आधी एका जुन्या मुद्रितशोधकांनी फोन करून विचारलं, "पुस्तक आधी पाठवून पैसे मागाहून घेणारा असा दुकानदार होता का कुणी?" तिथला पोस्ट टपालाचा होता. 'टपालखर्च भरलेला आहे' असा त्याचा अर्थ, म्हणजे पैसे आधीच दिलेले. तिकीट न लावलेलं पत्र नॉटपेड यायचं आणि घेणाऱ्याला पैसे मोजावे लागायचे, त्याच्या उलट हे पोस्टपेड. मोबाइलमधला पोस्ट 'नंतर'चा, पाकिटावरचा टपालाचा, आणि दोन्ही 'पेड' सारखेच. मूळ बदललं की व्यवहाराची दिशा उलटते, हे त्या दिवशी पक्कं कळलं. तेव्हापासून जुन्या कागदात पोस्ट दिसला की मी आधी कागदाचं साल बघते.

चेकपोस्टवर आडवा दांडा असतो, म्हणून खांब वाटतो. पण तो चौकीचा, पोनेरेचा. हिशेबात रोजकीर्दीतली नोंद खतावणीत नेण्याला 'पोस्टिंग' म्हणतात. शब्दकोश ते टपालाच्या कुळात ठेवतात, कारण नोंद एका वहीतून दुसऱ्या वहीत पोचवली जाते.

मरणोत्तर या अर्थाचा 'पॉस्थ्युमस' बघा. मूळ लॅटिन 'पोस्तुमुस', म्हणजे सगळ्यात शेवटचा. बाप गेल्यावर जन्मलेल्या मुलाला रोममध्ये हे नाव देत. पुढे लोकांना त्यात 'हुमुस' म्हणजे माती ऐकू येऊ लागली, पुरल्यानंतरचा असा अर्थ जुळवला गेला आणि स्पेलिंगमध्ये 'एच' घुसला. तो अजून आहे, आणि उच्चारात नाही. उच्चारात नसलेलं अक्षर दिसलं की मागे अशी काही कहाणी आहे का, ते जरूर बघावं.

सगळ्यात मोठा खड्डा 'पोज'चा. कंपोज आणि कंपोझिशन बघून कुणीही म्हणेल, सख्खे भाऊ. पण कंपोझिशन पोनेरेमधून आला आणि कंपोज आला फ्रेंच 'पोझे'मधून, ज्याचं मूळ 'पाउसारे', म्हणजे थांबणे, विसावणे. आपला 'पॉज' तिथलाच. फ्रेंचमध्ये दोन्ही क्रियापदं अर्थानं जवळ आली, पाउसारेच्या मुलानं पोनेरेची गादी घेतली, आणि एक्सपोज, प्रपोज, कंपोज ही सगळी क्रियापदं त्याच्या नावावर गेली. नामं मात्र पोनेरेकडेच राहिली.

आणि काही शब्दांत 'पोस्ट' दिसतो पण नसतोच. पॉस्च्युलेट हा मागणी करण्याच्या 'पोस्तुलारे'मधून आला. येशूच्या शिष्यासाठीचा 'अपॉसल' ग्रीक आहे, 'पाठवलेला' या अर्थाचा. अक्षरं जुळली म्हणून नातं जोडू नये, आधी कोशात बघावं.

पायरी आठवी: वहीत नोंद

नोंद लांबलचक नको. चार ओळी पुरतात: शब्द, मुळाचे तुकडे, कुठल्या वाटेनं आला, आणि मराठी त्याला काय म्हणते. चौथी ओळ कधीही सोडू नका. नमुन्यादाखल माझ्या वहीतली एक नोंद देते. या शब्दाच्या दोन तुकड्यांत दोन निराळी मुळं आहेत.

पोस्टपोन. पोस्ट (नंतर, मागे) अधिक पोनेरे (ठेवणे). लॅटिनमध्येच जोडलेला, 'पोस्तपोनेरे', मागे ठेवणे. याच्या उलट प्रीपोन, 'प्राए' म्हणजे आधी. तारीख अलीकडे आणण्याच्या अर्थानं तो आपल्या भारतातल्या इंग्रजीत रुजला. मराठी: पुढे ढकलणे. लॅटिन माणूस काम मागे ठेवतो, आपण तेच काम पुढे ढकलतो.